न वाजलेला टोल

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची घंटा आहे. उंचीने जेमतेम वीतभर, काठाला एक पोचा आणि पोटात बोटाएवढा लोखंडी लोलक. तुम्ही म्हणाल, घंटेला कसली आली आहे भीती? घंटा तर दुसऱ्यांना दचकवते. पण खरे सांगते, या कारखान्यात माझ्याइतकी भित्री वस्तू दुसरी नाही. मला दिवसातून दोन-अडीचशे वेळा भीती वाटते. ती का वाटते, हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय आता माझ्याने राहवत नाही.

माझा जन्म एका ओतकाम करणाऱ्या कारागिराच्या भट्टीत झाला. मोडके नळ, गंजलेल्या कड्या, एका पातेल्याचे बूड असे काहीबाही वितळवून त्याने मला ओतले. मी थंड झाल्यावर त्याने मला बोटाने टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, "गळा बरा आहे हिचा." माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक. ते मी अजून जपून ठेवले आहे.

पहिली नोकरी मला एका बेकरीत मिळाली. भट्टीतून पावाचा ट्रे बाहेर आला की बेकरीवाला माझी दोरी ओढायचा. दोन टोल पडायचे, आणि गल्लीतली मुले हातातला खेळ टाकून धावत यायची. कोणाच्या एका पायात चप्पल, कोणाच्या हातात अर्धवट तासलेली पेन्सिल. समोरच्या घरात एक आजोबा आरामखुर्चीत डुलक्या घेत बसायचे. माझा आवाज झाला की ते डोळे उघडायच्या आधी पिशवी चाचपायचे. एकदा बेकरीला सुट्टी होती आणि वाऱ्याने माझी दोरी हलली. आजोबा पिशवी घेऊन बंद दारापाशी येऊन उभे! मला हसू आले आणि थोडा अभिमानही वाटला. माझ्या आवाजात पावाचा वास आहे, असे मला तेव्हा वाटायचे. मी वाजले की माणसे माझ्याकडे येतात, जगाची रीतच तशी आहे, अशी माझी समजूत झाली होती.

मग बेकरीवाला थकला, बेकरी बंद झाली आणि मी भंगाराच्या दुकानात पडले. फुटक्या कंदिलांच्या आणि बिनझाकणाच्या डब्यांच्या टोपलीत मी वर्षभर तोंड खाली घालून होते.

एक दिवस त्या दुकानात एक माणूस आला. त्याच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत पांढरे बँडेज होते. तो टोपलीत डाव्या हाताने चाचपत होता. मला उचलून त्याने कानाजवळ नेले, हलवले आणि तसाच किती वेळ उभा राहिला. भंगारवाल्याने विचारले, "काय तात्या, कशाला हवी घंटा?"

"हात वाचवायला," तो म्हणाला.

हे तात्या म्हणजे पुस्तकबांधणीच्या कारखान्यातले जुने कारागीर. त्या कारखान्यात छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालतात, त्या शिवतात, पुठ्ठे चिकटवतात आणि शेवटी पुस्तकाच्या तिन्ही कडा कापून सारख्या करतात. कडा कापायचे मशीन हॉलच्या मधोमध आहे. माझा आजवरचा सगळा थरकाप त्याच्यामुळे आहे. त्याचे पाते माणसाच्या हाताएवढे लांब आहे. पाचशे कागदांची थप्पी ते लोण्यासारखी कापते. समोरच्या बाजूला एक माणूस थप्पी सारखी करून पात्याखाली सरकवतो. तेव्हा दुसरा माणूस बाजूला, मोठ्या चाकाच्या आडून दांडा ओढायचा. दांडा ओढणाऱ्याला समोरच्याचे हात दिसत नसत, चाक मध्ये यायचे. आता काय होत असेल ते तुमच्या लक्षात आलेच असेल.

माझ्या येण्याआधी तात्या समोर काम करत. थप्पीचा एक कागद वाकडा झाला म्हणून त्यांनी हात पुन्हा आत घातला. दांड्यावरच्या माणसाला वाटले, झाले यांचे. दारात तात्यांची सात वर्षांची मुलगी बाबांचा डबा घेऊन उभी होती. तिच्या हातून डबा खाली पडला. त्या दिवशी तात्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. मी हे पाहिलेले नाही, पण इतक्यांदा ऐकले आहे की पाहिल्यासारखेच आहे.

तात्यांनी मला स्वतःच्या हाताने मशीनच्या वर टांगले. दांड्याला एक तार बांधून ती माझ्या कानाला, म्हणजे वरच्या कडीला, जोडली. दांडा अर्धा ओढला की माझे दोन टोल पडायचे आणि पुढे पूर्ण ओढला की पाते खाली यायचे. दोन्हींच्या मध्ये एक श्वास जाईल एवढाच वेळ. तेवढ्यात समोरच्याने हात वर उचलायचे. चूक होऊन दांडा अवेळी सुटू नये म्हणून त्यांनी दांड्याला एक लाकडी खिटीही बसवली. आधी खिटी काढायची, मग दांडा.

आणि त्या दिवसापासून तात्या स्वतः दांड्यावर उभे राहिले. "समोर मी पुन्हा जाणार नाही," ते मालकांना म्हणाले, "आणि दांडा दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाही."

मित्रांनो, मी पहिल्यांदा तिथे वाजले तेव्हा काय झाले असेल? मला वाटले, माणसे हसत येतील. पण समोरच्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला आणि त्याने हात असे मागे ओढले जणू थप्पीतून विंचू निघाला. मी तीच होते. माझा गळाही तोच होता. पण इथे माझ्या आवाजाला पावाचा वास नव्हता. मी त्या दिवशी मनातल्या मनात खूप रडले.

पुढे पुढे मला सवय झाली आणि माणसांनाही झाली. नवा कामगार आला की तात्या त्याला आपला उजवा हात दाखवत. "नीट बघून घे. हा तुझा पहिला धडा. दुसरा धडा ही वर टांगलेली बया शिकवेल." पहिल्या आठवड्यात नवा माणूस टोल पडला की आधी माझ्याकडे बघायचा, मग हात उचलायचा. दुसऱ्या आठवड्यात त्याचे हात आधी उठायचे. महिन्याभराने तर ते आपोआप उठायचे, बोलता बोलता, शिंकता शिंकता. एकदा जेवणाच्या सुट्टीत कोणाचा तरी धक्का लागून मी वाजले. हॉलमधले अकरा जण एका क्षणात डब्यांवरून हात वर करून बसले! मग सगळे एकमेकांकडे बघून पोट धरून हसले. मालक दारातून म्हणाले, "काय हो, दरोडा पडलाय का?"

मी हसले नाही. कारण मला दिसत होते की त्या हसण्याच्या आत भीतीच बसलेली आहे, फक्त ती आता आरामात बसली आहे.

पुढे बऱ्याच वर्षांनी कारखान्यात एक मांजरी आली. रंगाने राखाडी, चालीने तोऱ्यातली, म्हणून तिचे नाव पडले बाईसाहेब. मशीनच्या समोरच्या फळीचा कोपरा उबदार असायचा, तिथे ती झोपायची. पिल्लू असताना एकदा ती नको तिकडे सरकली आणि पात्याने तिच्या शेपटीच्या टोकाचे केस कातरले. केसच गेले, कातडीला धक्का नाही. पण बाईसाहेबांना तेवढा धडा जन्माला पुरला. त्यानंतर माझे टोल पडले की ती फळीवरून थेट कागदांच्या मांडणीवर उडी मारायची.

पुढे एक गंमत झाली. बाईसाहेब टोल पडायच्या आधीच उडी मारू लागली! कामगार म्हणायचे, "हिला ज्योतिष कळतं." मी वरून बघत होते, मला कळले. तात्या खिटी काढायचे तेव्हा 'खट्' असा बारीक आवाज व्हायचा. पट्ट्यांच्या आणि चाकांच्या गोंगाटात माणसांना तो ऐकू येत नसे. बाईसाहेबांचे कान मात्र तेवढ्यासाठीच उभे असत. खट् झाले की टोल, टोल झाला की पाते, हे तिने जोडले होते. मग टोलाची वाट कशाला बघायची?

एव्हाना कितीतरी वर्षे गेली होती. तात्यांची ती डबेवाली मुलगी मोठी झाली, लग्न झाले, तिला एक मुलगी झाली आणि मग ती स्वतः याच कारखान्यात कामाला आली. तिला सगळे लहानपणापासून चिमणी म्हणत, अजूनही म्हणत. पुस्तकांची शिलाई तिच्यासारखी कोणाला जमत नसे. तिच्या मधल्या बोटावर कायम एक पितळी अंगुस्तान असे, सुई टोचू नये म्हणून शिंपी घालतात तसे. शिलाई संपली की ती कापणीला समोर उभी राहायची. तात्यांना ते आधी मुळीच मान्य नव्हते. दोन दिवस ते जेवले नाहीत. शेवटी म्हणाले, "उभी राहा. पण दांड्यावर मीच. मी असेपर्यंत दुसरा कोणी नाही."

चिमणीला कधी खरचटलेसुद्धा नव्हते. पण दारातून तिने जे पाहिले होते, ते तिच्या हातांना पाठ होते. माझ्या टोलावर तिचे हात सगळ्यांच्या आधी वर जायचे. ती सांगायची, घरी कणीक मळताना दाराची बेल वाजली तरी तिचे हात परातीतून उठतात, आणि लेक हसून म्हणते, "आई, पीठ काय चावतंय का?"

मित्रांनो, आता मी तुम्हाला माझे गुपित सांगते. ते फक्त मला ठाऊक होते.

तात्यांना ऐकू येईनासे झाले होते.

एका दिवसात नाही. वर्षानुवर्षे त्या चाकाशेजारी उभे राहून हळूहळू त्यांचे कान विझले. लोक बोलले की ते नुसती मान डोलवायचे. कोणी हाक मारली तर ऐकू आले नाही म्हणून नव्हे, कामात आहेत म्हणून वळले नाहीत, असेच सगळ्यांना वाटायचे. पण दांडा ओढताना ते आता प्रत्येक वेळी मान वर करून माझ्याकडे बघत. पूर्वी कधी बघत नसत. मी हलले की त्यांना कळे, वाजली. मग ते दांडा पूर्ण ओढत.

त्यांनी हे कोणालाच सांगितले नाही. मी त्यांना दोष कसा देऊ? बहिऱ्या माणसाला दांड्यावर कोण ठेवेल? आणि आपण गेलो तर चिमणीच्या हातांसमोर दांड्यावर कोण परका येईल? या भीतीने त्यांनी तोंड शिवून घेतले. मी तर जन्माचीच मुकी, दोन टोलांपलीकडे मला बोलता येत नाही. तेव्हापासून मला रात्रंदिवस एकच धास्ती. मी हलले आणि वाजले नाही तर?

पंचवीस वर्षांत कारखान्यात कोणाचे नखसुद्धा गेले नव्हते. सुरुवातीला मालक पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवायचे. "ही आमची राखणदार," म्हणायचे. कोणी तरी फडक्याने पुसायचे, कडीला तेलाचा थेंब घालायचे. पण जे घडतच नाही ते लोकांच्या लक्षात कसे राहणार? पाहुण्यांना मला दाखवायचे थांबले. पुसणेही थांबले. माझ्यावर कागदाच्या कातरणाची धूळ साचली. मी माझे काम इतके चोख केले की माझी गरज काय होती, हेच सगळे विसरले.

मग मालकांचे जावई हिशेबाची आणि पत्रव्यवहाराची खोली सांभाळायला आले. त्यांना सगळे जावईबापू म्हणत. माणूस वाईट नव्हता. हसतमुख, कामाला वाघ, फक्त टेलिफोनवर बोलताना त्यांना टाचणी पडलेली खपत नसे. त्यांची खोली माझ्या अगदी पाठीमागे, मध्ये एक काचेचे दार.

पहिल्याच आठवड्यात ते सासऱ्यांना म्हणाले, "बाबा, ही घंटा काढून टाकू या. गिऱ्हाइकाला वाटतं मी शाळेतून बोलतोय."

मालक म्हणाले, "तात्यांना विचारा."

जावईबापूंनी माझ्याकडे बोट केले, आणि तोंडाने काही विचारायच्या आधीच तात्यांनी आपला उजवा हात पुढे केला. जावईबापू वरमले, पण पुरते पटले नाहीत. "ते झालं हो तेव्हा. एवढ्या वर्षांत काही झालंय का? कोणाला लागलंय का सांगा."

"नाही लागलं," मालक म्हणाले. "म्हणूनच राहू दे."

गोष्ट तिथे संपली असे सगळ्यांना वाटले. मलाही वाटले.

तो दिवस मला लख्ख आठवतो. दुपारची जेवणाची सुट्टी होती. हॉल रिकामा, सगळे मागच्या ओट्यावर डबे खात होते. जावईबापू काचेचे दार उघडून बाहेर आले. त्यांचा एक महत्त्वाचा फोन यायचा होता. एका मोठ्या संस्थेचे वर्षाचे काम मिळणार की जाणार, हे त्या फोनवर ठरायचे होते. त्यांनी स्टूल ओढले, त्यावर चढले, खिशातून एक चिंधी काढली आणि माझ्या पोटात हात घालून लोलकाला गुंडाळून घट्ट गाठ मारली. बाहेरून काही दिसू नये, कोणी कुरकुर करू नये, अशा बेताने. मला हलकेच थोपटून ते म्हणाले, "एका फोनापुरतं गं बाई. लगेच सोडतो."

मी ओरडायला गेले. आवाज फुटला नाही.

मित्रांनो, तुमच्या लक्षात येते आहे ना? मी हलणार होते. तात्यांना मी हललेली दिसणार होते. ते समजणार, वाजली. आणि चिमणीला काहीच ऐकू येणार नव्हते. तिला इतक्या वर्षांनी हेच तर शिकवले होते की घंटा वाजली नाही म्हणजे पाते येत नाही. माझ्या टोलाने तिला जितके घाबरायला शिकवले होते, माझ्या गप्प बसण्याने तितकेच निर्धास्त राहायलाही शिकवले होते.

सुट्टी संपली. माणसे आली. पट्टे फिरू लागले. मी देवाची प्रार्थना करत होते की आज कापणी नको, आज शिलाईच करा, आज वीज जाऊ दे. काचेआड फोन वाजला. जावईबापू हात हलवत, हसत बोलू लागले.

चिमणीने शिलाई आटोपली. तिने थप्पी उचलून मशीनवर आणली. बाईसाहेब फळीच्या कोपऱ्यात अंगाचे वेटोळे करून पडली होती. चिमणीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तात्या दांड्यापाशी जाऊन उभे राहिले. मी त्यांना वरून बघत होते आणि माझे सारे पितळ थंड पडले होते.

थप्पी पात्याखाली गेली. चिमणीने दोन्ही हातांनी ती ठोकून सारखी केली. एक कोपरा पुढे आला होता. ती तो बोटांनी आत दाबू लागली. बरोबर तसेच, जसे पंचवीस वर्षांपूर्वी तिच्या बाबांनी केले होते. घाई तिला नव्हती. तिच्या लेखी अजून टोल पडायचा होता.

चाकाआड तात्यांनी खिटीला हात घातला.

खट्.

बाईसाहेब ताडकन उठली. डोळेही नीट उघडले नव्हते तिचे. ती थेट मांडणीवर झेपावली आणि तिच्या मागच्या पायांनी दोन कागद उडाले.

तात्यांनी दांडा अर्धा ओढला. तारेचा हिसका बसला आणि मी हलले. दोनदा हलले. पोटातली चिंधी माझ्या काठावर आपटली, मऊ, मुकी. एवढासाही आवाज नाही. तात्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी हलताना दिसले. ते निश्चिंत झाले.

चिमणीची नजर मांजरीकडे गेली होती. तिच्या कपाळावर आठी उमटली. घंटा तर वाजलेली नाही. मग ही का उडाली? एवढा विचार तिच्या मनात पुरा व्हायच्या आधी तिच्या हातांनी तो केला. हात मागे आले. इतक्या वेगाने आले की मधल्या बोटावरचे अंगुस्तान निसटून थप्पीवरच राहिले.

पाते खाली आले.

कच्च असा आवाज झाला, कागदाचा नेहमी होतो तसा नाही. पाते पुन्हा वर गेले तेव्हा थप्पीवर अंगुस्तानाची दोन अर्धुके पडली होती आणि पात्याला एक दात पडला होता.

कोणीतरी पट्टा थांबवला. हॉलमध्ये कधी नव्हे इतकी शांतता झाली. फक्त काचेआडून जावईबापूंचे हसणे ऐकू येत होते. मग तेही थांबले.

लोकांचे चेहरे बघून तात्या चाकाला वळसा घालून आले. त्यांनी अंगुस्तानाची अर्धुके पाहिली. त्यांनी चिमणीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि बोटे मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. दहापर्यंत आले. पुन्हा पहिल्यापासून मोजली. तिसऱ्यांदा मोजू लागले तेव्हा चिमणीने त्यांचे हात धरले.

"बाबा, घंटा वाजली नाही."

तात्या तिच्या ओठांकडे बघत होते. "वाजली की!" ते म्हणाले. "मी स्वतः बघितली."

"बघितली?" चिमणी म्हणाली. "बाबा, ऐकली नाहीत का तुम्ही?"

तात्यांना तिच्या ओठांवरून प्रश्न कळला. ते खाली, कातरणाच्या ढिगावर बसले आणि त्यांनी तीन बोटांचा हात तोंडावर घेतला. तेव्हा सगळ्यांना सगळे कळले.

जावईबापू दारात उभे होते. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. ते स्टूलावर चढले, माझ्या पोटात हात घातला आणि चिंधी सोडली. चिंधी ओढून काढताना असा हिसका बसला की मी हलून दोनदा वाजले. हॉलमधल्या अकरा जणांचे हात वर गेले. या वेळी कोणी हसले नाही.

"मीच बांधली," ते म्हणाले. "फोनसाठी. सोडायची होती... फोन लांबला." आणि मग लहान मुलासारखे, "मला वाटलं, काही होत नाही."

मालकांनी त्यांना रागावले नाही. ते इतकेच म्हणाले, "ती चिंधी टेबलावर ठेवा. रोज दिसेल अशी."

पुढे मिस्त्री आला. त्याने चाकाआडचा दांडा काढून टाकला आणि समोरच दोन मुठी बसवल्या. आता समोर उभ्या असलेल्या माणसाने आपले दोन्ही हात दोन्ही मुठींवर ठेवून ओढले तरच पाते खाली येते. हे आधीच का सुचले नाही, असे सगळ्यांना वाटले. मला वाटते, सगळे माझ्या भरवशावर राहिले होते. मिस्त्रीने जाताना विचारले, "मग आता ही घंटा काढू?"

चिमणी म्हणाली, "नको. शेजारी दुसरं कोणी उभं असेल तर? राहू दे तिला." मग मिस्त्रीने माझी तार त्या मुठींना जोडली.

पण स्वतः चिमणी महिनाभर मशीनच्या समोर येऊ शकली नाही. लांबच्या टेबलावर शिवत बसायची. मी वाजले की हात उचलायची, आणि मी वाजले नाही तरी मध्येच शिवण सोडून हात उचलून माझ्याकडे बघायची. आवाजाची भीती तिला होतीच, आता शांततेचीही बसली. मग एक दिवस मशीन बंद असताना ती आली आणि फळीवर एक बोट टेकवून गेली. दुसऱ्या दिवशी पंजा. तिसऱ्या आठवड्यात पट्टा चालू असताना उभी राहिली, पाठीला घाम फुटला होता, पण राहिली. कोणी तिला घाई केली नाही. भीती शिकायला तिला एक क्षण पुरला होता, ती उतरायला किती दिवस लागले ते मी मोजलेले नाहीत.

बाईसाहेबांची मात्र उतरली नाही. खिटी गेली, दांडा गेला, खट् होत नाही. तरी ती फळीवर परत कधी झोपली नाही. मांडणीवर, कागदांच्या गार थप्प्यांवर झोपते. तिला कोण समजावणार? आणि जावईबापूंचे विचाराल तर हल्ली टेलिफोन वाजला की त्यांचे दोन्ही हात टेबलावरून वर जातात. कामगार तोंड फिरवून हसतात. ते स्वतःही हसतात, पण हात जातातच.

मित्रांनो, आता माझे एकच मागणे आहे. तुमच्या घरात, शाळेत, रस्त्यावर माझ्यासारखी कोणी राखणदार असेल, शिट्टी असेल, लाल दिवा असेल, तुम्हाला 'सावकाश जा' म्हणणारी आजी असेल, तर ती गप्प आहे म्हणजे सगळे ठीक आहे असे धरून चालू नका. तिच्या पोटात कोणी चिंधी तर बांधली नाही ना, एवढे रोज बघत जा. आणि ज्याला ऐकू येत नाही, दिसत नाही, जमत नाही, त्याने ते भीतीने लपवून ठेवावे इतके त्याला एकटे सोडू नका.

आमच्याकडे आता एक नवी पद्धत पडली आहे. रोज सकाळी पट्टे सुरू होण्याआधी चिमणी स्टूलावर चढते, माझ्या पोटात डोकावते, आत बोट फिरवते, धूळ पुसते. तात्या आता काम करत नाहीत, पण त्या वेळी ते येतात. रोज येतात. चिमणी त्यांनाही हात धरून स्टूलावर चढवते. ते आपला उजवा हात, तीन बोटांचा, माझ्या काठावर ठेवतात. मग चिमणी तार ओढते.

मी वाजते. माझा थरकाप त्यांच्या बोटांतून मनगटात जातो आणि ते डोळे मिटून मान डोलवतात. "वाजली," म्हणतात.

मित्रांनो, बेकरी सुटल्यापासून मी वाजले की प्रत्येक हात माझ्यापासून मागेच गेला. हा एक हात तेवढा जवळ येतो.